रसूल, चुना जास्त झाला

रसूल, तू गेलास त्यानंतर मी आठवडाभर कुणाशी बोललो नाही. गावानं त्याचा अर्थ लावला. चावडीपाशी बसणारे म्हणाले, हवालदार दुःखानं मुका झाला. बायका पाण्याला जाताना माझ्याकडं बघून हळू चालायला लागल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगता येत नव्हतं. खरं कारण तुला सांगतो. माझं तोंड चुन्यानं भाजलं होतं.

हसू नको. ऐक.

तुला माती देऊन आम्ही परत आलो. मी तुझ्या दारातनंच वळणार होतो, तर हलिमा वहिनीनं दाराआडून हात पुढं केला. हातात तुझी पितळी चुन्याची डबी. म्हणाली, “भावजी, ही तुमच्याकडंच असू द्या. आमच्यात आता कोण खातंय?” मी घेतली. माझ्या चंचीत पानाचा, सुपारीचा, काताचा, तंबाखूचा असे कप्पे आहेत, तसा चुन्याचाही एक कप्पा आहे. तो इतकी वर्षं रिकामा होता हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यात डबी बरोबर बसली.

संध्याकाळी मी पुलावर गेलो. ठरवून गेलो नाही. गुरं सुटली की आपल्या दावणीकडं जातात, तसा गेलो. कठड्यावर बसलो. तू दिलेली पानं ओल्या फडक्यात होती, त्यातलं एक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातानं चुना लावला. तुझं बोट पानावरनं फिरायचं ते मी रोज बघत आलो. बघून येतं असं मला वाटत होतं. मी पोतेरं फिरवावं तसा फिरवला. तोंडात टाकलं, चावलं, आणि जीभ, गाल, टाळू, सगळं सोलून निघालं. ओढ्यात उतरून चुळा भरल्या. पाणी पण बोचायला लागलं. पुलावरनं गाडी चालली होती, गाडीवाला मला ओढ्यात वाकलेला बघून थांबला आणि हात जोडून पुढं गेला. त्याला वाटलं, हवालदार रडतोय.

माझ्या घरनं तुझ्या घरी भाकरी-कालवण जात होतं. एक दिवस बुट्टी घेऊन मीच गेलो. वहिनीनं आतनं विचारलं, “कसं हाय भावजी?” मी हात हलवला. ती म्हणाली, “मुकं झालासा म्हणत्यात समदी. बघू, तोंड उघडा.” मी नको म्हणून मान हलवली, पण तिनं दिवा पुढं केला. म्हातारपणी एका बाईपुढं तोंड वासून उभं राहायची पाळी आली. तिनं बघितलं आणि हसली. घरात मयत होऊन आठवडा झाला नव्हता आणि ती हसली, तशी आतल्या बायका दारापर्यंत येऊन बघून गेल्या.

“चुना लागलाय तुमास्नी. बसा, तूप देते.”

तूप लावून मी उंबऱ्याशी बसलो. ती आतनं बोलत होती.

“ती चुन्याची कळी मीच भिजवली होती. त्यास्नी ताप आला त्या सकाळी. बघायचं राहून गेलं.”

काय बघायचं, असं मी हातानं विचारलं.

“जिभेवर. नवा चुना भिजला की आधी आपल्या जिभेवर ठिवायचे. भाजला तर दुधाची साय घालून निववायचे, परत बघायचे, मग डबीत. मी म्हणायची, तुमची जीभ काय रेड्याची हाय व्हय? तर म्हणायचे, हवालदाराचं तोंड लय नाजूक हाय. बसऱ्याला खजूर खाऊन बिघडलंय.”

बोलता येत असतं तर मी त्याच वेळी उत्तर दिलं असतं. खजूर आम्हाला बसऱ्याच्या लढाईत चाखायलासुद्धा मिळाला नाही. हे तुला माहीत होतं.

वाटेनं येताना मी हिशोब लावत होतो. तुला आठवत असेल, तुझं-माझं जोरात वाजलं की त्या दिवशीचं पान माझं तोंड पोळवायचं. मी म्हणायचो, मुद्दाम केलंस. तू म्हणायचास, “न्हाई रं ज्ञानबा, हात चुकला.” जिभेवर चुना पारखून घेणाऱ्या माणसाचा हात नेमका भांडणाच्या दिवशीच कसा चुकतो? म्हणजे चुना मुद्दामच जास्त लावायचास. हे भांडण मी जिंकलो, रसूल. तू गेल्यावर जिंकलो, पण जिंकलो.

आता दुसरं. हे मी कधी बोललो नाही, आणि तूही बोलला नाहीस म्हणून मला बोलावं लागलं नाही. बसऱ्याहून मी परत आलो तवा माझे हात थरथरायचे. घरात मी थंडीताप म्हणून सांगितलं. माणसं यायची, लढाई कशी झाली सांगा म्हणायची, आणि मी तांब्या उचलला की पाणी सांडायचं. म्हणून मी संध्याकाळी पुलावर जाऊन बसायला लागलो. तिथं कुणी नसायचं. तू रहिमतपूरच्या बाजारातनं डोक्यावर टोपली घेऊन यायचास. एक दिवस टोपली उतरवलीस आणि म्हणालास, “पान खातोस?” लढाईचं काही विचारलं नाहीस. मी अडकित्ता घेतला, सुपारी निसटून ओढ्यात पडली. तू बघितलं नाहीस. म्हणजे बघितलंस, पण त्या वेळी तू टोपलीतलं पान निवडण्यात लय गुंतला होतास. मी चुना लावायला गेलो, तर पान हातातनं काढून घेतलंस आणि म्हणालास, “चुना माझ्याकडं. तू सुपारी बघ.”

तेवढंच. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. सुपारी आधी फुटायची, मग कातरायला लागली, मग पातळ उतरायला लागली. हात कवा थांबले ते मला कळलं नाही. पण वाटणी तशीच राहिली. पान आणि चुना तुझा, सुपारी, कात, तंबाखू माझी. एकट्याला पान खाता येणार नाही अशी ती वाटणी होती. लोकांत मी सांगत आलो की चुन्याला मी हात लावत नाही, ते काम तांबोळ्याचं. तू शेजारी बसून ऐकायचास आणि मान डोलवायचास. “हवालदार हाय त्यो,” म्हणायचास, “त्येला हाताखाली माणूस लागतो.” एकदाही दुसरं बोलला नाहीस. एवढी वर्षं. तुझ्या जागी मी असतो तर कवाच बोलून गेलो असतो.

मला अक्षरं पलटणीत शिकवली तेवढीच येतात. वाकडी आहेत. पण दिवस कलला की माझं तोंड बोलायला मागतं, आणि समोर कुणी नसतं, म्हणून हे लिहितोय. नुसतं बसलो तर लोक परत हात जोडून जातील.

आपण त्या कठड्यावर करत तरी काय होतो, हे मला परवा कुणीतरी विचारलं. मला सांगता आलं नाही. तू यायचास, टोपली ठेवायचास, ओढ्यात पाय धुवायचास. डाव्या बाजूला बसायचास. ती बाजू चांगली होती, दगड गुळगुळीत होता, आणि मी एकदा आधी येऊन तिथं बसलो तर तू माझ्यापुढं गप उभा राहिलास, मी उठेपर्यंत. मग पान मांडीवर पुसायचं, देठ खुडायचा, शिरा काढायच्या. माझा अडकित्ता कुरकुर करायचा. बाजारात कोण भेटलं ते तू सांगायचास, माझ्या उसाला पाण्याची पाळी कवा ते मी सांगायचो, आणि ते दोघांनी आदल्या दिवशीही सांगितलेलं असायचं. अर्धा वेळ गप्पच. मग दिवस बुडाला की तू चूळ भरून, हातपाय धुऊन पंचा अंथरायचास आणि तुझा नमाज होईस्तवर टोपलीला शेरडं लागणार नाहीत हे मी बघायचो. उठताना तू म्हणायचास, “चल, झालं आजचं.” जसं काही आपण मोठं काम उरकलं होतं.

ह्यावरच तर आपलं भांडण. मी म्हणायचो, माणूस जगतो ते जत्रेसाठी, लग्नासाठी, बैलाच्या शर्यतीसाठी. बाकीचे दिवस म्हणजे नुसती भर. तू म्हणायचास, “जत्रा म्हंजे नथ, ज्ञानबा. नथ सणाला घालायची. नाकानं श्वास मात्र रोजच घ्यायचा न्हवं का?”

“नाक मुरडायला बी येतं,” मी म्हणायचो.

“त्ये तर तू रोजच मुरडतोस.”

मिरजेकडच्या पानमळ्यातनं तुझी पानं रेल्वेनं यायची. त्या टोपलीतली पानं तू रोज एक-एक करून उलटायचास, सडलेलं काढायचास. मी म्हणायचो, काय हे बायकी काम. तू म्हणायचास, एक दिवस चुकला तर डाग शेजारच्या पानाला लागतो, दुसऱ्या दिवशी थप्पीला लागतो, आणि मग टोपली ओढ्यात. मी म्हणायचो, मी पान नाही. त्यावर तू नुसता माझ्या हातांकडं बघायचास. ते मला आवडायचं नाही.

आणि मग माझा पोरगा मारुती ब्रह्मदेशातल्या लढाईतनं परत आला.

लढाईवर गेला तवा उधळलेला बैल अडवायचा. आला तो गोठ्यामागं जाऊन बसला. सकाळी बसायचा, दुपारी सावली हलेल तसा हलायचा, संध्याकाळी भाकरी पुढं ठेवली की खायचा. कुणाला उलटं बोलला नाही, कुणाला सुलटंही बोलला नाही. त्याची आई देवाला बोलत बसायची. मी ठरवलं, पौषात औंधला यमाईच्या जत्रेला नेतो, तिथं चांगली खोंडं बघतो, आणि फाल्गुनात कडेगावची पोरगी करून टाकतो. मोठं काहीतरी झालं की माणूस जागा होतो.

तू म्हणालास, “त्येला हितं आण.”

“हितं म्हंजे?”

“पुलावर. बसव माझ्या शेजारी. सुपारी कातरू दे.”

“बापासमोर पोरगं पान खातंय व्हय? डोकं फिरलंय तुझं.” तुला माहीत होतं, माझा बाप मरेपर्यंत मी त्याच्यापुढं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. आमच्या घराची रीतच ती.

तू पानाचा देठ खुडत होतास. मान वर न करता म्हणालास, “मग तू उठून जा.”

मी तंबाखू मळत होतो, ती ओढ्यात टाकली. माझ्या पोराला बरं करायला मी माझ्या जागेवरनं उठून जायचं? आणि तू, डाव्या बाजूचा दगड कवा सोडला नाहीस तो, मला उठ म्हणणार? मी म्हणालो, जत्रेतनं आल्यावर पोरगं बघ कसं होतंय. तू म्हणालास, जत्रेला नेणार एक दिवस, परतल्यावर त्याचं काय करणार? लय बोललो आपण. त्या दिवशीचं पान कसं लागलं ते सांगायला नको. त्यानंतर दिवाळीपासून रोज तेच. उठताना “चल, झालं आजचं” म्हणायच्या ऐवजी तू म्हणायला लागलास, “उद्या आण त्येला.” मी म्हणायचो, “बघू.”

शेवटच्या संध्याकाळीही तेवढंच झालं. तू म्हणालास, उद्या आण त्येला. मी म्हणालो, बघू. तू टोपली उचललीस. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला, आणि तो उतरला नाही. तुझ्या खाटेशी आलो तवा तू मला ओळखलं नाहीस, म्हणून माझं “बघू” हेच तुझ्याशी शेवटचं बोलणं राहिलं. दुसरं एखादं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तेच राहिलं.

तोंड बरं झालं तरी पुलाकडं मी गेलो नाही. चुन्यानं पोळलोय म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. डबी चंचीत पडून होती.

पौषात मारुतीला घेऊन औंधला गेलो. बोललो होतो ते केलं. जत्रा दरवर्षी भरते तशीच भरली होती. त्याला बैल दाखवले, त्यानं बघितले. डोंगरावर देवीला नेलं, त्यानं हात जोडले. रेवड्या घेतल्या, त्यानं हातात धरून ठेवल्या. मी जिथं उभा केला तिथं तो उभा राहिला, आणि मी पुढं चालायला लागलो की मागनं आला. खोंडं मी घेतली नाहीत. बघणाऱ्याला खोंडं दिसलीच नाहीत, तर घेऊन काय करू? एका तांबोळणीपाशी मात्र थांबलो आणि पानं घेतली. तुझ्याइतकी चांगली नव्हती. रोज उलटून निवडलेली दिसत नव्हती.

परतताना गाडीत आम्ही दोघंच. रहिमतपूरच्या अलीकडं आल्यावर मारुती आपणहून बोलला. घरी आल्यापासून आपणहून बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“आबा, तुमी पुलावर जात न्हाई आता?”

“न्हाई.”

बैल चालत होते. तो म्हणाला, “रोज दिवस कलला की तुमची काठी गोठ्यावरनं वाजत जायची. मग अंधार पडताना परत यायची. त्येवढ्यावनं मला कळायचं, आजचा दिवस सरला म्हणून.”

“आणि आता?”

“आता कळत न्हाई.”

मी कासरा हातात धरून बसलो. मी माझ्या पोराला कधी पुलावर आणलं नाही असं तुला वाटत असेल. तो तिकडं गोठ्यामागं बसून आपल्याबरोबरच होता, रसूल. ना तुला ठाऊक, ना मला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तसा मी निघालो. मारुतीला चल म्हणालो नाही. तेवढं माझ्यानं झालं नाही. पण गोठ्यावरनं जाताना काठी जरा जास्त आपटली. पुलावर जाऊन उजव्या बाजूला बसलो. डावा दगड रिकामा ठेवला, तुझ्यासाठी नव्हे, मला तिथं बसायची सवय नाही म्हणून.

अंगावरचं ऊन जायला लागलं तवा तो आला. पुलाच्या त्या टोकाला उभा राहिला, कुणाची तरी वाट बघतोय असा. मी चंची उघडली.

“बस,” मी म्हणालो.

तो बसला. तुझ्या दगडावर. त्याला कोण सांगणार की तो कुणाचा दगड.

मी अडकित्ता आणि सुपारी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाप पोराच्या हातात अडकित्ता देतोय, हे आमच्या घरात कधी घडलेलं नाही. मग त्यानं उचलला. सुपारी पात्यात धरली आणि हात कापायला लागला. अडकित्ता दोनदा निसटला. मी त्या वेळी पानाचा देठ खुडत होतो, आणि त्या कामात मी लय गुंतलो होतो.

सुपारी फुटली. वाकडी फुटली, पण फुटली. त्यानं ती ठेवली आणि चुन्याच्या डबीकडं हात नेला. मी डबी माझ्याकडं ओढली.

“चुना माझ्याकडं,” मी म्हणालो. “तू सुपारी बघ.”

वहिनीनं दिलेल्या सायीत मी तो चुना सकाळीच निववला होता. तरी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवला. झोंबला नाही. मग पानावर लावला, भिंत पोतल्यासारखा नाही, तू लावायचास तसा, जमेल तितका. कात, सुपारी घातली. तंबाखू घातली नाही, तेवढी रीत मी सोडणार नाही. विडा करून त्याच्या हातात दिला.

तो तसाच हातात धरून बसला, जत्रेतल्या रेवड्या धरल्या होत्या तसा. बापासमोर कसा खाणार?

तू म्हणाला होतास, मग तू उठून जा. मी उठलो नाही. म्हातारा झालो तरी तुझ्या सांगण्यावरनं मी जागा सोडणार नाही. पण फिरून ओढ्याकडं तोंड केलं, पाठ त्याच्याकडं, आणि पाणी बघत बसलो. दिवस बुडत होता. थोड्या वेळानं मागं सुपारी दाताखाली फुटल्याचा आवाज आला.

एवढ्यावर भांडण मिटव.